आधी पेडवे

कावीळ उतरली तेव्हा परीक्षेला नऊ दिवस होते.
सहा आठवडे पेज, उसाचा रस, भुईआवळीचा काढा
आणि खिडकीच्या चौकटीएवढा दांडीचा समुद्र.
दप्तर खुंटीला तसंच होतं. तळाशी एक कुर्लीचं पिल्लू
शिरून मेलेलं सापडलं.
भूमितीच्या वहीला अजून त्याचा वास येतो.

खवणेकर बाई घरी आल्या, पायरीवरच बसल्या,
म्हणाल्या, समिधा, सगळं होणार नाही.
इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
शाळेत सगळंच महत्त्वाचं असतं,
फळ्यावर प्रत्येक धड्याला दोन रेघा.

रात्री एका पुठ्ठ्यावर मी विषय लिहिले,
पुढे गुण, त्यापुढे मला काय येतं ते.
श्रेढी येते. वर्गसमीकरण अर्धं.
वर्तुळ मुळीच नाही, ते मी अंथरुणात असताना शिकवून झालं.
इंग्रजीपुढे काय लिहावं कळेना, म्हणून एक होडी काढली.
पुठ्ठा उलटला तर मागे आईचं अक्षर :
बर्फ तीन लाद्या, रापणकरांचे देणे साडेचारशे.

पहाटे तिच्यासोबत किनाऱ्यावर गेले.
डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं होतं,
ऊन अजून यायचं होतं.
ओली रास वाळूवर ओतली आणि आईचे हात चालू झाले,
डोळे मात्र लिलाव पुकारणाऱ्याकडे.
मी इसवणाला हात घातला, सगळ्यात मोठं तेच.
तिनं मनगटावर चापट दिली.
"पेडवे आधी. ते कोणाची वाट बघनत नाय.
इसवण बर्फात दोन दिस रवता."
"आणि सगळ्यात बारीक?"
"ता सोड. कावळ्यांक पण काय होया."

घरी येऊन पुठ्ठा नव्यानं मांडला.
इतिहास म्हणजे पेडवे, सनावळ्या सर्वांत आधी नासतात,
म्हणून इतिहास पहिला!
दोन दिवस सनावळ्या पाठ केल्या,
तिसऱ्या दिवशी निम्म्या गेल्या.
मग लक्षात आलं, पेडवे आधी म्हणजे आधी विकायचे,
आधी पकडून ठेवायचे नव्हेत.
इतिहास पेपरच्या आदल्या रात्री.
आता वर्तुळ, जीवा, स्पर्शिका :
ज्याला मीठ लागतं, दिवस लागतात, ते आज.
आईला हे सांगितलं तर ती बांगडा चिरता चिरता म्हणाली,
"अभ्यास म्हंजे मासो न्हय गो."

धातुविज्ञान सोडलं. अवकाश मोहिमा सोडल्या.
सोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू,
उपग्रहाचं चित्र मला फार आवडायचं.
मराठीला हातच लावला नाही, ती आपलीच आहे म्हणून,
आणि हा अंदाज बरोबर की चूक
हे अजून मलाही माहीत नाही.
शेजारची दीक्षिता रोज सगळे विषय एकेक तास करते.
तिच्या खिडकीत दिवा माझ्यानंतर विझतो.
मी मोजत नाही. म्हणजे, मोजते.

भूगोल सर्वांत शेवटी, पेपरही शेवटचाच.
पण शेवटच्या पहाटे, चार वाजता,
वर्तुळाचं सहावं उदाहरण पाचव्यांदा चुकलं
आणि मी चोरून ब्राझीलचं पान उघडलं.
तिथलं घड्याळ साडेआठ तास मागे.
तिथे अजून कालची संध्याकाळ, साडेसात वाजलेत,
किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी गावात एखादी मुलगी
आत्ता कुठे वही उघडत असेल,
आणि तिच्याजवळ माझा अख्खा काल
अजून थोडा उरला असेल.

परत पहिल्या ओळीपासून.
केंद्र ओ, त्रिज्या पाच.

"समे," बाहेरून हाक आली, "उठलंस तर बर्फ हाड."